‘या’ म्हणजे हाव

सौंदडचा धर्मेंद्र ट्रक हलवण्याआधी खाली उतरून गाडीभोवती पूर्ण फेरी मारतो, ही गोष्ट सडक अर्जुनीच्या धाब्यांवर सगळ्यांना ठाऊक होती. आरसे आहेत, मान वळवता येते, तरी या बाबाचं समाधान नाही. चाकांमध्ये वाकून बघणार, मागच्या फाळक्यापर्यंत जाऊन येणार, मग कुठं वर चढणार. "महाराज प्रदक्षिणा घालून राहिले," म्हणत बाकीचे ड्रायव्हर चहाचे ग्लास हातात धरून मजा बघायचे. तोही हसायचा. हसण्यावारी नेलं की कोणी जास्त खोदून विचारत नाही, हे त्याला कळून चुकलं होतं.

खरी गोष्ट हसण्यासारखी नव्हती. काही वर्षांपूर्वी तो तेंदूपत्त्याचा माल घेऊन निजामाबादच्या बाजूला गेला होता. एका गोदामाच्या आवारात गाडी लावत असताना बाजूनं एक हमाल हात उंच करून ओरडला, "आगु, आगु!" आता तुम्हीच सांगा, ज्याच्या कानावर जन्मापासून अर्धी मराठी आणि अर्धी हिंदी पडली, त्याला हे काय ऐकू येणार? त्याला ‘आगे’ ऐकू आलं. त्यानं गाडी पुढे घेतली. तेलुगूत आगु म्हणजे थांब. पुढच्या चाकाशी वाकलेल्या दुसऱ्या एका हमालाचं पाऊल चाकाखाली गेलं, आणि मग तो माणूस जे ओरडला ते समजायला कुठलीच भाषा लागली नाही. जीव वाचला, पाऊल वाचलं नाही. अपघात म्हणून ते प्रकरण तिकडे मिटलं. धर्मेंद्रच्या आत मात्र ते मिटलं नाही. अनोळखी बोली कानावर पडली की त्याच्या तळहाताला घाम सुटायचा आणि उजवा पाय आपोआप ब्रेक शोधायचा, मग तो एस.टी.त प्रवासी म्हणून का बसलेला असेना.

अशा माणसाच्या वाट्याला जर्मन भाषा यावी, म्हणजे कमालच झाली. पण आली. जर्मनीत ट्रक ड्रायव्हर पाहिजेत, हे त्याच्या बायकोनं, देवांगनानं, मोबाइलवर एका व्हिडिओत बघितलं. तिथं ड्रायव्हरला कोणी ‘अबे’ म्हणत नाही, असं त्या व्हिडिओतला माणूस म्हणाला आणि तिला तेवढं पुरलं. आपल्या नवऱ्याला चारचौघांत, पोरीसमोर, ‘अबे ए ट्रकवाले’ म्हटलेलं तिनं ऐकलं होतं. ते तिच्या मनाला लागून राहिलं होतं. धर्मेंद्रलाही जायचं होतं, खोटं कशाला बोला. पण जायचं तर भाषेची परीक्षा, तीही तोंडी, हे कळलं तेव्हा त्यानं मोबाइल उलटा ठेवला.

"तिथं मांगून कोनी वरडलं अन् मले समजलंच नाई तं?" असं तो देवांगनाला एकदाच बोलला.

म्हणून तर शिकायचं आहे ना, असं ती म्हणाली. बरोबरच होतं तिचं. पण बरोबर बोलण्यानं कोणाची भीती गेली आहे का कधी?

आधी तो गोंदियाला एका क्लासला गेला. तिथले सर फळ्यावर चौकटी काढायचे. प्रत्येक वस्तू बाई आहे, बुवा आहे की दोन्ही नाही, ते पाठ करा म्हणायचे. टेबल बुवा, दिवा बाई, आणि पोरगी दोन्ही नाही. पोरगी दोन्ही नाही हे ऐकून धर्मेंद्रला वाटलं, ही भाषा आपल्याच्यानं होत नाही. सरांनी उभं करून विचारलं की त्याच्या तोंडून टेबल बाई निघायचं. कॉलेजातली पोरं गालात हसायची. एक दिवस तो क्लासच्या दारापर्यंत गेला, आतून चौकटींचा घोष ऐकला आणि उलट्या पावली स्टेशनवर आला. सौंदडच्या गाडीत बसला तेव्हा त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता.

मग प्रेरणा मॅडमचं नाव कानावर आलं. गोंदियाच्या हिंदी घरातली पोरगी. जर्मनीत एका म्हाताऱ्या आजारी बाईच्या घरी तिची देखभाल करायला राहिली होती, आणि भाषा तिथंच स्वयंपाकघरात आणि आजारणीच्या खाटेशी शिकली. पुस्तक तिनं नंतर उघडलं. परत आल्यावर सडक अर्जुनीजवळ हायवेला लागून एक बंद पडलेला धाबा होता, त्याचा हॉल घेतला आणि ड्रायव्हर लोकांना शिकवायला लागली. भिंतीवरचा जुना भावफलक तिनं पुसलाही नव्हता. ‘दाल फ्राय, अंडा फ्राय’ या अक्षरांखाली सगळे बसायचे.

तिची तऱ्हाच वेगळी. पहिला महिनाभर कोणी तोंड उघडायचं नाही, असा तिचा नियम. ती जर्मनमध्ये बोलणार, बाकीच्यांनी फक्त करायचं. उठा म्हटलं की उठायचं, डावीकडे म्हटलं की डावीकडे. कधी जॅक उचलायचा, कधी केबिनचं दार उघडायचं, कधी ताडपत्री सोडायची. लहान पोरगं बोलायला लागण्याआधी किती दिवस नुसतं ऐकतं, त्याला कोणी चौकट देतं का, असं ती म्हणायची. आधी कान, मग हातपाय, तोंड सगळ्यात शेवटी. धर्मेंद्रला हे फार मानवलं. बोलायचंच नाही म्हटल्यावर चुकायचं कसं? बाहेर उभ्या ट्रकभोवती ती त्यांना पळवायची आणि हायवेवरून जाणारे लोक हळू होऊन बघायचे. भलेमोठे मिशावाले गडी एका पोरीच्या इशाऱ्यावर उठाबशा काढतायत, हे बघायला कोणाला आवडणार नाही.

महिन्यानंतर तोंडं उघडली. जोड्या लावल्या. एकानं ट्रकमध्ये बसायचं, दुसऱ्यानं मागे उभं राहायचं. वरच्यानं विचारायचं, "फ्राय?" म्हणजे मोकळं आहे का? भिंतीवर दाल फ्राय लिहिलेलं, त्यामुळे तो शब्द विसरायची सोयच नव्हती. मागच्यानं बघून सांगायचं, "या." म्हणजे हो. नाही तर "नाइन," म्हणजे नाही. आणि धोका दिसला तर "हाल्ट." मागच्याच्या शब्दावर भरोसा ठेवायचा, हा धडा मॅडमनं पुन्हा पुन्हा गिरवून घेतला. एकदा धर्मेंद्र सवयीनं खाली उतरायला लागला, तर तिनं दार लावून घेतलं. भैया, शब्द ऐकला ना, मग पायाला त्याचं ऐकू द्या, असं म्हणाली. त्या दिवशी तो पहिल्यांदा न उतरता गाडी मागे घेऊन आला. काही झालं नाही. कुणाचं काही गेलं नाही.

घरी त्यानं हाच खेळ पोरीबरोबर मांडला. डिंपल आठवीत, हुशार, तोंडाची फटकळ. माल नसला की तो ट्रक घरापुढच्या मोकळ्या जागेत, गुरांच्या कोठ्याकडे फाळका करून लावायचा. संध्याकाळी ती मागे उभी राहायची. "फ्राय?" "या." "फ्राय?" "नाइन, बाबा, कोंबडी हाये." त्याची आई यशोदाबाई ओसरीवर बसून तांदूळ निवडता निवडता हे ऐकायची. पोरगी बापाला ‘या, या’ म्हणते, एवढा मान कधीपासून द्यायला लागली, असं तिला वाटायचं. डिंपलनं तिला समजावलं की आजी, तिकडं ‘या’ म्हणजे हाव, आपलं हो. यशोदाबाईनं मान हलवली आणि सोडून दिलं. आपल्याला कुठं जायचंय तिकडं.

आणि मग तो दिवस आला. दुपार उतरली होती. देवांगना शेतात गेली होती. धर्मेंद्रला सौंदडच्या राइस मिलवर माल भरायला जायचं होतं. गाडी वळवायची तर आधी थोडी मागे घ्यावी लागायची. डिंपल नेहमीप्रमाणे मागे जाऊन उभी राहिली. त्यानं इंजिन सुरू केलं. इतक्यात दवनीवाड्याहून त्याच्या बहिणीचे सासरे, ईश्वरदास, न सांगता आले. कोठ्याच्या बाजूच्या पायवाटेनं आले, त्यामुळे धर्मेंद्रला दिसलेच नाहीत. व्याही दारात म्हटल्यावर यशोदाबाईची तारांबळ उडाली. पाय धुवायला पाण्याचा पितळी गडवा घेऊन ती पुढे झाली आणि जाता जाता डिंपलला म्हणाली, जा, घरातून खुर्ची घेऊन ये. आजीनं सांगितलं, पोरगी पळाली. बापाला सांगावं हे तिच्या ध्यानात आलं नाही. आठवीतल्या पोरीच्या ध्यानात येणार तरी कसं?

केबिनमधून धर्मेंद्रनं विचारलं, "फ्राय?"

इंजिनाच्या घरघरीत मागून बाईमाणसाचा आवाज आला. "या, या!"

तो उतरला नाही. एवढंच लक्षात ठेवा. कितीतरी वर्षं जो माणूस पाय जमिनीला लावल्याशिवाय गाडी हलवत नव्हता, तो त्या दिवशी उतरला नाही, कारण त्याला शब्द मिळाला होता. त्यानं रिव्हर्स टाकला आणि क्लच सोडला. फाळका सरकत कोठ्याच्या भिंतीकडे निघाला, आणि फाळका आणि भिंत यांच्या मध्ये त्याची आई व्याह्यांचं स्वागत करत उभी होती.

मग एक किंकाळी आली. पाय आधी दाबला गेला, कळलं नंतर. गाडी गचका देऊन थांबली. इंजिन बंद पडलं. त्या शांततेत त्याला निजामाबादचं आवार दिसलं, ते पाऊल दिसलं, आणि दार उघडायला त्याचा हात उठेना. खाली उतरलं की काय दिसणार, हे त्याला ठाऊक होतं. देवा, काय दिसणार हे ठाऊक असलेल्या माणसाला उतरणं किती जड जातं.

तो उतरला. फाळक्याला धरून धरून मागे गेला. यशोदाबाई भिंतीला पाठ लावून, फाळक्यापासून वीतभर बाजूला उभी होती. ईश्वरदासांनी तिचा दंड घट्ट पकडला होता. पितळी गडवा फाळका आणि भिंत यांच्यामध्ये चेपून बसला होता. छातीच्या उंचीवर. त्यातलं पाणी भिंतीवरून खाली ओघळत होतं. खुर्ची आडवी पडली होती आणि तिच्यापलीकडे डिंपल दोन्ही हात तोंडावर ठेवून उभी होती.

आई त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मी तं व्याह्याईले ‘या’ म्हनलं. तुले कोनं बलावलं?"

धर्मेंद्र मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. व्याह्यांसमोर, पोरीसमोर, कशाचीही लाज न धरता. बऱ्याच वेळानं त्यानं डिंपलला जवळ घेतलं. तू ‘थांबा’ म्हणून ओरडली नसती तर, असं काहीतरी तो पुटपुटला. डिंपल म्हणाली, "मी ‘थांबा’ नाई म्हनलं, बाबा. मी ‘हाल्ट’ म्हनलं." त्याला ते खरं वाटेना. त्यानं पुन्हा विचारलं. व्याहीही म्हणाले की पोरगी भलतंच काहीतरी ओरडली, गाडी अडखळली म्हणून विहीणबाईंना ओढून घेता आलं, पण त्या ओरडण्याचं आम्हाला काही समजलं नाही. त्याच्या पायाला मात्र समजलं होतं.

यावर एखादा दुसरा खूश झाला असता. भाषा अंगात मुरली म्हणून मॅडमला पेढे दिले असते. धर्मेंद्रला उलट जास्तच भीती बसली. एका शब्दानं आई मेली असती आणि एका शब्दानं वाचली, म्हणजे आपल्या हातात काय उरलं? त्यानं क्लास सोडला. फोन आला तरी उचलेना. आईच्या समोर जाणं टाळायला लागला. रस्त्यानं कोणी कोणाला ‘या, बसा’ म्हटलं की हा जागच्या जागी दचकायचा.

शेवटी प्रेरणा मॅडम स्वतः स्कूटीवरून सौंदडला आली. ट्रकच्या सावलीत उभं राहून धर्मेंद्रनं तिला सगळं सांगितलं. व्याह्यांचं सांगितलं, आणि जे धाब्यावर कधी कोणाला कळू दिलं नव्हतं, ते ‘आगु’चंही सांगून टाकलं. तिचा चेहरा उतरला. भिंतीवर गडव्याचा वण होता, त्याच्यावरून तिनं बोट फिरवलं.

"गलती मेरी है, भैया," ती म्हणाली. "मी तुम्हाला उतरू दिलं नाही. आणि ‘या’ तुमच्या घरात आधीपासून राहतो, हे माझ्या ध्यानातच आलं नाही."

 मग धर्मेंद्रनं जे मागितलं ते कुठल्या क्लासात कोणी मागितलं नसेल. "मॅडम, मले नमस्कार-चमत्कार नका शिकवू," तो म्हणाला. "मले वरडनं शिकवा. तिथचे लोक भेले म्हंजे कसे वरडतेत, तेवढं सगळं शिकवा."

आणि तिनं शिकवलं. त्या बंद धाब्यात मग जो ओरडा सुरू झाला, तो काय सांगावा! हाल्ट, श्टॉप, आख्तुंग, फोरझिश्त. सावध राहा, बाजूला व्हा, मेलो, वाचवा. घोगऱ्या आवाजात, चिरक्या आवाजात, मागून, भिंतीपलीकडून, इंजिन चालू ठेवून. मॅडम ओरडायची आणि धर्मेंद्र डोळे मिटून सीटवर बसायचा. प्रत्येक ओरडीला त्याच्या अंगावर काटा यायचा. शेजारच्या पंक्चरवाल्यानं एकदा पळत येऊन विचारलं, कोणाचा खून होऊन राहिला का? भीतीला तिकडे आंग्स्ट म्हणतात, हेही तिनं सांगितलं. धर्मेंद्रला तो शब्द पाठ करावा लागला नाही. भीती अंगात असते म्हणून आंग्स्ट, हे त्याला लगेच पटलं. आणि नवा नियम असा झाला की मागून ‘या’ आला तरी उतरायचं. उतरून स्वतः बघायचं. हे जर्मनमध्ये कसं म्हणायचं, ते मात्र त्यानं स्वतः विचारून घेतलं. त्याचं स्वतःचं असं ते पहिलं वाक्य.

तोंडी परीक्षा नागपूरला होती.  बरोबरच्या ड्रायव्हरांनी बजावून ठेवलं होतं, काही विचारलं तरी घाबरतो असं म्हणू नकोस, घाबरट ड्रायव्हर कोणाला पाहिजे? समोर एक वयस्क जर्मन बाई बसली होती. नाव, गाव, घरात कोण कोण, इथपर्यंत तो अडखळत का होईना पोचला. मग तिनं एक चित्र पुढे सरकवलं. आवारात एक ट्रक मागे येतोय आणि मागे एक माणूस हात करतोय. तुम्ही काय कराल, असं तिनं विचारलं.

चित्रातल्या त्या माणसाच्या मागे भिंत होती. धर्मेंद्रच्या तळहाताला घाम आला. पाय टेबलाखाली ब्रेक शोधायला लागला. पाठ केलेलं उत्तर होतं, ‘फ्राय’ विचारायचं आणि ‘या’ आला की निघायचं, तेवढ्यावर मार्क मिळाले असते. ते त्याच्या तोंडून निघेना.

"इश श्टायगे आउस," तो म्हणाला. मी उतरतो. "इश शाउए झेल्ब्स्ट." मी स्वतः बघतो.

बाईनं चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. माणूस हात करतोय तरी उतरता? तो म्हणाला, तरी उतरतो. मग तिनं पेन खाली ठेवलं आणि हळूच विचारलं, "हाबेन झी आंग्स्ट?" तुम्हाला भीती वाटते?

ड्रायव्हरांनी बजावलेलं सगळं त्याला आठवत होतं. ‘नाइन’ म्हणायचं होतं. पण त्याला भिंतीवरून ओघळणारं पाणी दिसलं.

"या," तो म्हणाला.

बाईनं पेन पुन्हा उचललं. मग तिनं मान हलवली आणि म्हणाली, "या."

तो पास झाला. देवांगनानं साखर वाटली, डिंपल गावभर सांगत सुटली. आता व्हिसा, कागदं, मग विमान, सगळं खरंच होणार होतं. धर्मेंद्रला वाटलं होतं की पास झाल्यावर भीती जाईल. ती गेली नाही, नुसती जागा बदलून बसली. इतके दिवस नापास होण्याची भीती वाटायची. आता जाण्याची वाटायला लागली.

यशोदाबाई ओसरीवर बसली होती. तो तिच्याजवळ जाऊन बसला. चेपलेला गडवा तिनं मोडीत दिला नव्हता. मागे कोनाड्यात तसाच होता. तिथं तुला काय विचारलं, असं तिनं विचारलं. भेव लागते का म्हणून विचारलं, मी ‘या’ म्हटलं, असं त्यानं सांगितलं.

"अन् ते बाई काय म्हनली?"

"थे बी ‘या’ म्हनली."

यशोदाबाई कोनाड्याकडे बघत राहिली. मग तिनं पदराचं टोक डोळ्यांना लावलं.

"मंग बलावलं तिनं तुले," ती म्हणाली.

तसं नाही आई, तिथं ‘या’ म्हणजे हाव, एवढंच त्याला सांगायचं होतं. पण ते त्याच्या तोंडून कुठल्याच भाषेत निघेना.